चेसबेस कंपनी फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरलाच एवढं पुढे करते म्हणजे तेच बेस्ट आहे का? क्लासचे सर तसं म्हणतात

भाऊ, नाही. कंपनीचा स्वतःचा ब्रँड आहे म्हणून पुढे करते. हॅम्बुर्गची कंपनी आहे, १९९१ पासून फ्रिट्झ विकून राहिली. नाव तेच, आतलं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्राम, मात्र बदलत आलं, आधी फ्रान्स मॉर्श या प्रोग्रामरचं, फ्रिट्झ १५ मध्ये वासिक रायलिचचं, १७ मध्ये गिंको नावाचं. म्हणजे जपतात ते नाव. स्टॉकफिश हे दुसरं इंजिन जीपीएल या मोकळ्या लायसन्सवर आहे, जो तो फुकट उतरवून घेतो, त्यावर आपला शिक्का मारून कमावणं अवघड. चेसबेसनं स्टॉकफिशवरच बनवून विकलेल्या फॅट फ्रिट्झ २ वरून स्टॉकफिशवाल्यांनी २०२१ मध्ये कंपनीवर कोर्टात केस केली, २०२२ मध्ये समझोता झाला, ते वाचून घ्या.

आता तुमच्या सरांबद्दल. माझ्या पोट्ट्याचे सर पण अस्सेच होते. २०२२ चा उन्हाळा, मी त्याला नागपुरात नंदनवनहून धरमपेठला क्लासला नेत होतो, भर दुपारी, स्कूटरवर. एका टूर्नामेंटमध्ये त्याच्याकडे हत्ती अन् दोन प्यादी, समोरच्याकडे हत्ती अन् एक प्यादं, गेम ड्रॉ झाला. सरांनी लॅपटॉपवर फ्रिट्झ दोन सेकंद चालवलं, प्लसचा आकडा, म्हणजे पोराची बाजू वरचढ, दिसला की बंद केलं, अन् सगळ्या पालकांसमोर म्हणाले जिंकलेला गेम घालवला यानं. पोरगं घरी येईपर्यंत बोललं नाही, रात्री जेवलं पण नाही.

मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्टॉकफिश लावलं, वीस मिनिटं चालू ठेवलं, ०.०० म्हणजे बरोबरीच्या वर हललंच नाही. मग टेबलबेस उघडला. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक पोझिशन तिथं शेवटपर्यंत सोडवलेली असते, तिथं अंदाज नसतोच. त्यात पण ड्रॉ! सुरुवातीपासून ड्रॉच होता, पोट्ट्याने काहीच घालवलं नव्हतं, उलट बरोबर धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर सरांना दाखवलं तर म्हणे फुकटचं मी बघत नाही, चांगलं शिकवायचं असेल तर विकतचं घ्या. पोराला सॉरी तर सोडाच, एक शब्द बोलले नाहीत. महिनाभरात क्लास बदलला.

दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून ओळखीतले चार-पाच पालक मलाच विचारतात कोणतं सॉफ्टवेअर घेऊ. माझं एकच उत्तर, स्टॉकफिश टाका, एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरलेली असली, तर टेबलबेस बघा, पैसे टूर्नामेंटच्या फीला ठेवा.

हां, फ्रिट्झ वाईट नाही, त्याचा दोष पण नव्हता, दोन सेकंदांत कोणतंही इंजिन काय सांगणार. त्याचा बोर्ड, गेम साठवायची सोय छान आहे, लहान मुलांसाठी ताकद कमी करून पण खेळता येतं, अन् त्यातच स्टॉकफिश जोडता येतं. परवडत असेल तर घ्या. पण सर म्हणाले म्हणून नका घेऊ, अन् मुलाचा गेम आधी तुम्ही स्वतः टेबलबेसवर तपासा, मग सरांचं ऐका.