धडधड चालू असतानाची पट्टी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बसल्या बसल्या छातीत एकदम धडधड सुरू होते, गळ्यापर्यंत ठोके जाणवतात, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं अचानक थांबतं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत काही शिल्लक राहत नाही, असं लिहिलं आहेस. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी कर, घरचेही आता तेच म्हणतात. तिथपर्यंत मी शांतपणे वाचत होते. पण पुढे ‘कदाचित माझ्याच मनाचे खेळ असतील’ असं तू लिहिलंस आणि मी लगेच कागद पुढे ओढला.

मी डॉक्टर नाही, हे तुला माहीत आहे. औषध कुठलं आणि किती, हे मी सांगणार नाही. पण उभी हयात ईसीजी काढण्यात गेली, त्यामुळे हृदयातल्या विजेची नोंद असलेली ती कागदी पट्टी काय सांगते आणि कशाबद्दल गप्प बसते, हे मला चांगलं कळतं.

छातीवर सहा आणि हातापायांवर चार अशा दहा ठिकाणी तारा जोडून जो नेहमीचा ईसीजी काढतात, त्यात साधारण १० सेकंदांची नोंद असते. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. चोर रात्री येतो आणि आपण भर दुपारी कडी तपासून येतो, तसा हा प्रकार आहे. तुझा ईसीजी नॉर्मल आला याचा अर्थ त्या दहा सेकंदांत तुझं हृदय नीट चालू होतं, एवढाच. बाकीच्या वेळेबद्दल तो कागद काही बोलत नाही.

म्हणून तो कागद फेकून मात्र देऊ नकोस. काही गोष्टी शांत असतानाही पट्टीवर दिसतात. जन्मतःच हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची एक जास्तीची वाट असेल, तर ठोक्याच्या सुरुवातीला एक तिरका चढ दिसतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये हे वर्णन केलं, म्हणून त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. तसंच क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांना एका ठोक्यासाठी विजेने पेटून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ, प्रमाणापेक्षा लांबलेलं असेल तर तेही बऱ्याचदा शांत पट्टीवर कळतं. तुझी पट्टी हृदयरोगतज्ज्ञाने स्वतः पाहिली आहे का, की फक्त मशीनने वर छापलेलं वाक्य वाचलं गेलं, हे विचार. आणि घरी आल्या आल्या तिचा फोटो काढून ठेव. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, काही वर्षांत अक्षरं आणि रेषा उडून जातात. जुनी पट्टी घेऊन आलेल्या पेशंटच्या हातात नुसता पिवळट गुलाबी कागद उरलेला मी पाहिला आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या आजाराचं निदान बहुतेक करून एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे धडधड चालू असतानाची पट्टी. ती एकदा मिळाली की महिनोन् महिने चाललेले तर्क पाच मिनिटांत संपतात. तोपर्यंत कोणी छातीठोकपणे ‘काही नाही’ म्हणत असेल तर तो अंदाज आहे, आणि ‘नक्की हाच आजार’ म्हणत असेल तर तोही अंदाजच आहे.

यंत्र कुठलं मागायचं, हे धडधड किती वेळा होते त्यावर ठरव. रोज होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, पुरतं. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. त्याचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं आणि तीस किलोहून जड होतं, आता ते खिशात मावतं. पण तुला तर महिन्यातून एक-दोनदाच त्रास होतो. एका दिवसाच्या होल्टरमध्ये तो सापडण्याची शक्यता फार कमी, आणि तो रिपोर्टही नॉर्मल आला की तुझी आणखी पंचाईत होईल. तू एक-दोन आठवडे छातीला चिकटून राहणारा पॅच, नाहीतर महिनाभर जवळ ठेवून त्रास झाला की नोंद घ्यायचा इव्हेंट रेकॉर्डर याबद्दल विचार. फार क्वचित त्रास होणाऱ्यांसाठी, विशेषतः कारण न कळता बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी, कातडीखाली बसवायचा छोटा लूप रेकॉर्डर असतो, तो काही वर्षं नोंद ठेवतो.

मनगटी घड्याळात ईसीजीची सोय असेल तर वापर. त्यात एकाच बाजूने काढलेली ३० सेकंदांची रेघ मिळते, पण धडधड चालू असताना काढलेली ती साधी रेघसुद्धा शांत वेळच्या मोठ्या ईसीजीपेक्षा कामाची ठरू शकते. हात मांडीवर टेकव, बोलू नकोस, हलू नकोस. आणि ती फाइल मूळ स्वरूपात डॉक्टरांना दाखव. घड्याळ खाली काय निष्कर्ष लिहितं, यावर विसंबू नकोस.

यंत्र लावलेलं असताना लोक हमखास अंथरुणात पडून राहतात. तू तसं करू नकोस. जिने चढ, वाक, कामाला जा, रोजच्यासारखी राहा. काही जाणवलं की बटण दाब आणि वेळ लिही. त्या वेळी तुला धडधड जाणवली आणि पट्टीवर हृदयाचा नेहमीचा नॉर्मल तालच दिसला, तर तेही मोठं उत्तर आहे, कारण मग त्या धडधडीमागे हृदयाच्या तालातला बिघाड नव्हता हे ठामपणे म्हणता येतं. नोंद आणि लक्षण यांची वेळ जुळणं, यातच सगळं आलं.

तोवर एक वही कर. ‘छातीत कसंतरी होतं’ या वाक्याने डॉक्टरला काही हाताशी लागत नाही. सुरुवात एका क्षणात झाली की हळूहळू वाढत गेली? थांबताना? ठोके वेगवान पण एकसारखे होते की वेडेवाकडे? हे सांगता येत नसेल तर बोटाने टेबलावर तो ठेका वाजवून दाखव, अनुभवी डॉक्टर तेवढ्यावरून पुष्कळ ओळखतात. नाडी पूर्ण ६० सेकंद मोज. मानेत ठोके जाणवले का? नंतर खूप लघवीला झाली का? हे विचारताना लोक लाजतात, पण काही प्रकारच्या धडधडीनंतर ती होते आणि निदानाला मदत करते. खाली वाकल्यावर सुरू झाली का, तेही लिही.

तू जे वर्णन केलं आहेस, एका क्षणात सुरू, एका क्षणात बंद, मानेत ठोके, ते मला एसव्हीटीच्या (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) अंगाने जाणारं वाटतं. म्हणजे हृदयाच्या वरच्या भागात विजेचा प्रवाह एका छोट्या वर्तुळात फिरत राहतो आणि ठोके मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातात. घाबरल्यावर किंवा धावल्यावर वाढणारे ठोके चढतात हळूहळू आणि उतरतातही हळूहळू. मधूनच एक ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात आदळतो, तो बहुतेक वेळा जादा ठोका असतो. तसे जादा ठोके जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी येतात आणि हृदय निरोगी असेल तर सहसा निरुपद्रवी असतात. ठोके पूर्ण अनियमित झाले तर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरण्याचा, विचार होतो. ते वय वाढल्यावर जास्त दिसतं, आणि त्यात रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघाताचा धोका असल्याने त्याकडे दुर्लक्ष चालत नाही. नुसतं उभं राहिल्यावर ठोके वाढून घेरी येत असेल तर तो वेगळा प्रश्न, त्यासाठी झोपून आणि उभं राहून नाडी-रक्तदाब तपासतात.

आता ‘मनाचे खेळ’ याबद्दल. १९९७ मध्ये अमेरिकेत एसव्हीटीच्या १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजाराच्या, निकषांत बसत होती. हृदय मिनिटाला १८० वेळा उडायला लागलं तर भीती वाटणारच, घाम फुटणारच, आता आपण मरतो असंही वाटणार. भीती खरी असते, पण पुष्कळदा ती धडधडीच्या मागून आलेली असते. यात बायकांना ‘टेन्शन आहे’ म्हणून परत पाठवलं जाताना मी फार वेळा पाहिलं, आणि त्याचा मला आजही राग येतो. तुला चिंता असेलही, तिच्यावर उपचारही घे, त्यात कमीपणा नाही. पण त्यासाठी पट्टी मिळवणं थांबवायचं नाही.

पुढच्या भेटीत इतकंच म्हण: “मला धडधड चालू असतानाची नोंद हवी आहे. माझा त्रास महिन्यातून एक-दोनदा होतो, तर कुठलं यंत्र योग्य?” त्यासोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम आणि एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आहे ना, हे बघ. पांडुरोग किंवा थायरॉइडच्या बिघाडानेही ठोके वाढतात आणि त्यावर इलाज सोपा असतो. उत्तर मिळत नसेल तर इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टकडे पाठवायला सांग. हे हृदयाच्या विजेचे डॉक्टर. हृदयरोगतज्ज्ञ असूनही सगळ्यांचं लक्ष या बाजूला सारखं नसतं.

काही गोष्टींत मात्र वही, पॅच, पुढची तारीख यांची वाट बघायची नाही. व्यायाम करताना किंवा पोहताना भोवळ येऊन पडलीस, काही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपली, धडधडीबरोबर छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थेट तातडीच्या विभागात जा. आणि घरात विचार: कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का? ‘पाण्यात बुडून गेला’, ‘झोपेतच गेली’ अशा जुन्या गोष्टींमागे कधी कधी ठोक्यांचा आनुवंशिक आजार असतो. असं काही निघालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग.

धडधड चालू असताना काय करायचं, तेही विचारलं आहेस. आधी बस किंवा आडवी हो. गाडी चालवत असशील तर बाजूला घे. एसव्हीटी आहे असं ठरलं, तर डॉक्टर तुला कुंथण्याची एक पद्धत शिकवतील: अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, मग लगेच पाठीवर आडवं होऊन कोणीतरी पाय वर उचलून धरायचे. २०१५ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत या सुधारित पद्धतीने ४३ टक्के लोकांचे ठोके जागच्या जागी ताळ्यावर आले, नुसत्या जुन्या पद्धतीने १७ टक्के. डॉक्टरांकडून एकदा समोर करून घे, मग घरी कर. मानेवरची शीर दाबण्याचा प्रयोग घरी अजिबात नको.

एसव्हीटीच निघाली तर घाबरायचं कारण नाही. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात, ते वर्तुळ शोधतात आणि तेवढीच जागा उष्णतेने किंवा थंडीने निकामी करतात. नेहमीच्या प्रकारांत दहातल्या नऊहून जास्त लोकांचा त्रास यातून कायमचा जातो. जोखीम शून्य नाही, त्यात क्वचित पेसमेकर लागण्याची शक्यताही येते. ती तुझ्या बाबतीत किती, हे त्यांना आकड्यात विचार. गोळ्यांवर राहणं किंवा क्वचित होतं म्हणून काहीच न करणं, हेही मान्य पर्याय आहेत. पेसमेकरचं नाव काढून तू रडलीस म्हणे. तो मुख्यतः मंद ठोक्यांसाठी असतो, तुझ्या वर्णनात मंद ठोके कुठेच नाहीत. आणि लागलाच असता तरी ऐक: शरीरात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस, आर्ने लार्सन, १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये ती शस्त्रक्रिया झाल्यावर २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. तू धावणं सोडलंस, एकटीने प्रवास सोडलास, दर दहा मिनिटांनी नाडी बघतेस. आजार महिन्यातून अर्धा तास येतो आणि तू त्याला महिनाभर देते आहेस. नाडी बघायची ती त्रास झाल्यावर, एरवी नाही. डॉक्टरांनी इको आणि ईसीजी पाहून व्यायामाला होकार दिला की चालायला, धावायला पुन्हा सुरुवात कर. निदान होईपर्यंत एकटीने पोहणं तेवढं टाळ. झोप आणि पाणी सांभाळ. कॉफीने तुझी धडधड होते असं वहीत दिसलं तर सोड, नाहीतर उगाच सोडायची गरज नाही. एनर्जी ड्रिंक मात्र बंद. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने ठोके वाढतात, म्हणून औषध घेताना दुकानदाराला तुझा त्रास सांगत जा. आणि घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला सगळं नीट समजावून ठेव, म्हणजे त्या वीस मिनिटांत तुला कोणाला काही समजावत बसावं लागणार नाही.

भेटीच्या आधी वहीतली पानं मला पाठव, कुठे काय राहिलं ते सांगीन. आणि पट्टी मिळाली की तिच्यावर तारीख, वेळ आणि तुझं नाव बरोबर छापलंय का, हे तिथेच उभ्या उभ्या तपास. मग फोटो काढ आणि मला पाठव, रात्र असली तरी चालेल.

तुझी,
ताई