सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला, मग उद्यान का होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रभागातल्या आरक्षित जागेवर उद्यान करण्याचा ठराव २०१९ साली महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाला, पेपरात बातमी आली, पण जागेवर अजून साधं कुंपणही पडलेलं नाही. मग सभेचा निर्णय प्रशासनावर बंधनकारक नसतो का?

असतो. पण त्या दिवशी निर्णय नेमका कशाचा झाला, ते आधी बघावं लागेल. मी बरीच वर्षं महापालिकेच्या सभांच्या बातम्या केल्या आहेत. माझा अंदाज विचाराल तर, तुमच्या उद्यानाचा 'निर्णय' त्या सभेत झालाच नसावा. झाली असेल ती इच्छा व्यक्त.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात. त्यात सभा धोरण ठरवते, खर्चाच्या नाड्या बऱ्याच अंशी स्थायी समितीकडे असतात आणि अंमलबजावणीचा सगळा अधिकार कलम ६७ प्रमाणे आयुक्तांकडे. महापौर सभा चालवतात, कामं काढत नाहीत. लोक मात्र अर्ज घेऊन महापौरांच्या दालनाबाहेर बसतात.

विषयपत्रिकेवर विषय दोन वाटांनी येतो. एक, आयुक्तांचा प्रस्ताव. त्याला विषयपत्र जोडलेलं असतं: जागा कोणती, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या नोंदीतून), संबंधित खात्याचा अभिप्राय काय. हा मंजूर झाला की पुढे निविदा, कार्यादेश अशी साखळी निदान सुरू तरी होते. दुसरी वाट नगरसेवकाच्या प्रस्तावाची. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि मजकूर साधारण असा: 'सदर जागेवर उद्यान विकसित करण्यात यावे.' पैशाचा उल्लेख नाही, जागेच्या मालकीचा नाही. असे विषय बहुधा सभा संपत आल्यावर पुकारले जातात, अर्धं सभागृह चहाला गेलेलं असतं, आणि 'मंजूर, मंजूर' करत दहा-पंधरा विषय एका दमात निघतात. विरोध कोण करणार? आज याच्या प्रभागातलं उद्यान, उद्या त्याच्या प्रभागातलं. एकमत होतं ते असं. पुढे तो ठराव नगरसचिवांकडून (सभेचे कागद सांभाळणारे अधिकारी) उद्यान विभागात जातो आणि विभाग शेरा मारतो, 'तरतूद उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करता येईल.'

चौकांच्या नामकरणाचे ठराव मात्र झटपट अमलात येतात. पाटीचाच खर्च असतो ना.

आता तुमच्या जागेचं. तुम्ही 'आरक्षित' लिहिलंय, पण जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का, ते लिहिलेलं नाही. सगळी मेख तिथेच आहे. विकास योजनेत उद्यानाचं आरक्षण पडलं म्हणून जागा महापालिकेची होत नाही. ती खासगी असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ खाली ती मिळवावी लागते: मालकाशी वाटाघाट करून, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) देऊन, नाहीतर रीतसर भूसंपादन करून. यातलं काहीच न करता सभेने शंभर वेळा 'उद्यान करावे' म्हटलं तरी त्या जमिनीला फरक पडत नाही.

उलट मालकाच्या बाजूने एक घड्याळ चालू असतं. विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर मालक त्याच कायद्याच्या कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या' अशी नोटीस, बजावू शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत कमी होती) जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. पावलं कशाला म्हणायचं, यावर खूप भांडणं झाली. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की महापालिकेने नुसता ठराव करणं किंवा सरकारकडे प्रस्ताव धाडणं पुरेसं नाही, संपादनाची रीतसर घोषणा व्हायला हवी. तुमच्या त्या एकमताच्या ठरावाची किंमत कोर्टात एवढीच. अशा सूचना फायलीत पडून राहिल्या आणि आरक्षणं गेली, ही ओरड नगरसेवकच सभेत करतात. त्या चुकून पडून राहतात की कुणाच्या सोयीने, यावर मी इथे बोलत नाही.

ठराव अडकायची आणखी एक जागा म्हणजे मंत्रालय. सभेचा ठराव कायद्याबाहेरचा किंवा महापालिकेच्या आर्थिक हिताविरुद्ध वाटला तर राज्य सरकार १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित करू शकतं, पुढे विखंडित म्हणजे रद्दही करतं. काही निर्णयांना तर सरकारशिवाय पूर्णत्वच नसतं. मुंबई महापालिकेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा ठराव २०१७ मध्ये केला, २०१९ मध्ये त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, आणि पूर्ण माफीला २०२२ उजाडलं. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव झाला. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मतं पडली तर सरकारने आयुक्तांना परत बोलवावं, असं कायदा म्हणतो. तरी ते मार्च २०१७ पर्यंत खुर्चीवर होते. उद्यानाच्या बाबतीत मात्र मंत्रालयाकडे बोट दाखवायचं कारण सहसा नसतं, कुणी दाखवलं तर पत्राचा जावक क्रमांक मागा.

२०१९ नंतर काय झालं असेल याचाही विचार करा. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. तुमच्या ठरावाचे सूचक तोवर माजी झाले होते. सभेत उभं राहून 'त्या ठरावाचं काय झालं?' विचारणारा माणूस नसला की ठराव मरत नाही, नुसता विसरला जातो.

करायचं काय, तर माहिती अधिकारात दोन वेगळे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा असा नियम आहे, सगळं एकात कोंबलंत तर तेवढ्यावरून परत येईल. पहिला नगरसचिव कार्यालयाकडे: ठरावाची प्रमाणित प्रत, विषयपत्र आणि उपसूचनांसह (सभेत मूळ विषयाला सुचवलेल्या दुरुस्त्या). उपसूचना विसरू नका, मूळ विषय एक आणि उपसूचनेने मंजूर झालं भलतंच, असंही होतं. दुसरा नगररचना विभागाकडे: जागेचा सर्व्हे नंबर देऊन ताबा कोणाकडे, संपादनाची स्थिती काय, आणि कलम १२७ ची सूचना आली आहे का, आली असल्यास कोणत्या तारखेला. प्रत्येकी १० रुपये, उत्तराला ३० दिवस.

जागा महापालिकेच्या ताब्यात निघाली तर प्रश्न फक्त तरतुदीचा उरतो. मग नगरसेवकाला नवा ठराव मागू नका. आयुक्तांचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी, साधारण डिसेंबरपर्यंत, त्या उद्यानाला स्वतंत्र लेखाशीर्ष मागा. आणि सूचना आलेली निघाली तर ती तारीख आणि २४ महिने आधी मोजा, अंदाजपत्रकाचं नंतर बघू.