राग आवरण्यासाठी जप धरताय तर

भाऊ, राग आल्यावर माळ शोधू नका, तोवर उशीर झालेला असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक बघा. आधी विषयाचं चिंतन, मग आसक्ती, मग इच्छा, आणि क्रोध चौथ्या पायरीवर. अडवायचं ते पहिल्या पायरीवर. कापसाचा भाव पडला की दिवसभर मोबाइलवर तोच बघत बसणं, हेच ते चिंतन! भाव एकदाच बघा. संध्याकाळी घरच्यांशी बोलण्याआधी १०८ मण्यांची एकच माळ करा. माळ मधल्या बोटावर, ओढायची अंगठ्याने, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळ जिथून सुरू होते तो वेगळा मणी, ओलांडू नका, तिथून माळ उलटी फिरवा. नवखे पहिल्याच दिवशी अकरा माळा धरतात आणि आठवड्यात सोडतात. मध्येच मन भरकटलं तर पहिल्यापासून मोजू नका, आहे त्या मण्यावरून पुढे चला.