लाल दिव्याचं नंतर बघू, आधी आईची मेडिक्लेम वाचवा

खानापूरहून एका दादांचं पत्र आलंय. आई 62 वर्षांची, शुगर आहे, दोन्ही गुडघ्यांतलं वंगण संपलंय म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, खर्च साडेचार लाखांच्या घरात. बेळगावात एका प्रदर्शनात रेड लाइट थेरपीचं, म्हणजे अंगावर लाल प्रकाश सोडणारं पॅनेल दाखवलं, 72 हजार, महिन्याला 6 हजाराचे 12 हप्ते. रोज वीस मिनिटं समोर बसलं की गुडघ्यातली गादी परत भरते म्हणे. घेऊ का, एवढाच प्रश्न.

पण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, आईची 5 लाखांची मेडिक्लेम चार वर्षं भरली, एकदाही क्लेम नाही, म्हणून यंदाचे 26 हजार भरले नाहीत, एजंट म्हणाला त्यापेक्षा गॅरंटेड इन्कम प्लॅन घ्या, तो घेतला. वाचून पोटात गोळाच आला माझ्या.

दादा, रिन्यूअलची तारीख जाऊन 22 दिवस झालेत. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे हातात 8 दिवस. तेवढ्यात पैसे भरलात तर चार वर्षांचं वेटिंग, म्हणजे जुन्या आजारांना क्लेम न मिळण्याचा काळ, जे पूर्ण झालंय ते टिकतं. मधल्या दिवसांत कव्हर नसतं, त्यामुळे आजच भरा. आठ दिवस चुकले तर नवीन पॉलिसी, शुगरसाठी पुन्हा 3 वर्षांपर्यंत वेटिंग, गुडघा बदलायलाही साधारण 2 ते 3 वर्षं, आणि साडेचार लाख सगळे तुमच्या खिशातून. महाराष्ट्राने 2023 मध्ये कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 गावांना सरकारी उपचारांची जनआरोग्य योजना जाहीर केली हे खरं, पण तिच्या भरवशावर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

आता तो प्लॅन. 60 हजार 10 वर्षं भरायचे, अकराव्या वर्षापासून 10 वर्षं 60-60 हजार, शेवटी भरलेले 6 लाख परत. एजंट सांगतो 6 लाखाचे 12 लाख, दुप्पट. अहो पण वीस वर्षांत! हिशोब केला तर वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतात. आजारी आईचं कव्हर काढून हे गळ्यात मारणाऱ्याचा मला खरंच राग येतो. या प्लॅनच्या पॉलिसीचे कागद गेल्या आठवड्यात आलेत ना, मग मिळाल्यापासून 30 दिवसांत फ्री लुकमध्ये, म्हणजे पटली नाही तर परत करायच्या मुदतीत, ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, एजंटच्या हातात देऊ नका.

आणि पॅनेल? नका घेऊ. थेरपी थोतांड नाही, 1967 साली हंगेरीत एन्द्रे मेस्टर यांना लेसरने उंदरांचे केस भराभर उगवलेले दिसले तिथून हा विषय सुरू झाला, केस गळणं, कॅन्सरच्या उपचारात तोंडात येणारे फोड यांवर उपयोग दिसलाय. गुडघ्यावर योग्य डोसचा लेसर दिला तर काहींचं दुखणं थोडे दिवस कमी होतं. पण झिजलेली गादी दिव्याने भरून येत नाही, आणि घरच्या पॅनेलचा किती प्रकाश आत पोचतो ते विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. त्या 72 हजारात पावणेतीन वर्षांची मेडिक्लेम होते.

ऑपरेशनपर्यंत आईला फिजिओकडे न्या. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं, असले व्यायाम ते बसवून देतात. रिन्यूअलची पावती आली की हॉस्पिटलच्या इन्शुरन्स काउंटरवर कॅशलेसचं विचारा, आणि मला कळवा.