जुन्या फियाटच्या हीटरचा पंखा फिरत नाही, मोटर बदलू की दुरुस्त करू? (धुळे)

लगेच बदलू नका. आपल्याकडे हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीत, बाकी वर्षभर मोटर धूळ खात पडून राहते. त्यामुळे ती जळण्यापेक्षा जाम होण्याची शक्यता जास्त.

आधी फ्यूज आणि अर्थिंग (मोटरची गाडीच्या बॉडीला जाणारी जोडणी) बघा. मग मोटरच्या दोन्ही वायरी काढून तिला फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या. फिरली तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. दोन स्पीडपैकी फक्त जोरातला चालत असेल तर बहुधा रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) गेलेला असतो.

नाहीच फिरली तर पंखा हाताने फिरवून बघा. जड लागला तर मोटर खोलून बुश (मोटरचा दांडा म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) साफ करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. ग्रीस अजिबात नको. जास्त तेल कॉम्युटेटरवर (शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) गेलं की त्यावर कार्बनची भुकटी चिकटते. काळा पडलेला कॉम्युटेटर बारीक काचपेपरने हलकेच घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात.

कार्बन (कॉम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले असतील तर शेतीपंप रिवाइंड करणाऱ्याकडे जा, तो थोडे मोठे कार्बन घासून बरोबर मापाचे करून देईल. जुनी मोटर अशी वाचते, आणि माझ्या मते वाचवायलाच हवी.

वाइंडिंगच (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलं असेल तर मात्र दुसरी घ्या. व्होल्टेज, बाहेरचा व्यास, शाफ्टची जाडी आणि फिरण्याची दिशा, चारही जुळायला हवं. उलटी फिरली तर पंखा फिरताना दिसेल, पण काचेवर पुरेशी हवा येणार नाही.