चौथ्या भागात सोडलंत? थांबा जरा

वाचकांचे प्रश्न : ॲनिमे (जपानी ॲनिमेशन)

या वेळच्या पत्रांत तक्रारी जास्त आणि कौतुक कमी. तक्रारींचं मला वावडं नाही. ज्याला काहीच खटकत नाही तो अर्धवट लक्षाने बघत असतो, असं माझं मत आहे. फक्त ‘बोअर आहे’ एवढंच लिहू नका. कुठल्या भागात, कुठल्या प्रसंगाला हात मोबाईलकडे गेला ते लिहा. मग बोलायला मजा येते. पहिल्या पत्रलेखकाने नेमकं तेच केलंय, म्हणून त्याचा मान पहिला.

प्रश्न : ‘विनलँड सागा’चा पहिला सीझन झपाटल्यासारखा संपवला. काय त्या लढाया आणि काय तो आस्केलाड! दुसऱ्या सीझनमध्ये मात्र नायक शेतावर झाडं तोडतोय आणि खोडं उपटतोय. चौथ्या भागात सोडून दिलं. स्टुडिओ बदलला म्हणून वाट लागली असं मित्र म्हणतात. खरं का?

उत्तर : स्टुडिओ बदलला हे खरं. २०१९चा पहिला सीझन विट स्टुडिओने केला, २०२३चा दुसरा मापाने. पण दिग्दर्शक शुहेई याबुता दोन्हीकडे तेच, पात्रांचे आराखडे करणारे ताकाहिको आबिरू तेच. तेव्हा मित्रांना सांगा, भांडायचंच असेल तर मूळ मंगाचे (जपानी चित्रकथेचे) कर्ते माकोतो युकिमुरा यांच्याशी भांडा. ते शेत त्यांचं आहे.

आता एक गंमत. मंगा सुरू होते ती ऐन लढाईतून. नायक थॉर्फिन तेव्हा आस्केलाडच्या लुटारू टोळीत मुरलेला असतो आणि त्याचं बालपण आपल्याला मागाहून कळतं. ॲनिमेने हा क्रम मोडला. आधी बाप दाखवला, मग पोरगा. खऱ्या योद्ध्याला तलवार लागत नाही, असं मानणारा थॉर्स पहिल्या चार भागांत येतो आणि जातो. पुढचे वीस भाग त्याचा मुलगा ते विसरण्यात घालवतो. तुला ज्या लढाया आवडल्या, त्या म्हणजे हे विसरणंच. मलाही आवडल्या, खोटं कशाला सांगू! पण दिग्दर्शकाने बापाला पुढे आणून बसवलं ते काही उगाच नाही. त्याला शेतापर्यंत यायचंच होतं.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला थॉर्फिनचे डोळे बघ. त्यांत चमकच ठेवलेली नाही. बापाच्या मरणाचा सूड ज्याच्यावर घ्यायचा तो आस्केलाड मेला, त्याबरोबर सूडही गेला, आता जगायचं कशासाठी हेच या पोराला माहीत नाही. शेजारी आयनार उभा, त्याला मात्र जगायचंय. दोघे गुलाम. जंगल साफ करायचं, गहू काढायचा, तो मालकाला विकून स्वतःची किंमत फेडायची. खोडं उपटण्यात वेळ जातो कारण खोडं उपटायला वेळ लागतो. ते तीन मिनिटांच्या गाण्यात उरकलं असतं तर पुढे त्या शेतावर जे होतं त्याची किंमत कळली नसती.

नवव्या भागापर्यंत जा. तिथे एक स्वप्न आहे, त्याबद्दल एक अक्षर सांगणार नाही. ते बघूनही काही वाटलं नाही तर खुशाल सोड. अधूनमधून राजा कनूटच्या राजकारणाचे तुकडे येतात, ते मला जरा तुटक वाटले. तिथे चहा करायला उठलास तरी माझी हरकत नाही.

प्रश्न : ‘नारुतो’ बघतेय. गोष्ट रंगात आली आणि अचानक कुठल्या तरी गावातल्या कुणाच्या तरी भानगडी सुरू झाल्या. किती दिवस चालणार हे?

उत्तर : बराच वेळ, बाई. तू फिलरमध्ये शिरलीस. पहिल्या ‘नारुतो’चे २२० भाग आहेत. त्यात १३६पासून जवळजवळ शेवटपर्यंत मंगात नसलेला मजकूर आहे. मधले एक-दोन भाग आणि अगदी शेवटचा बघ, बाकीचे सोडून सरळ पुढे जा आणि ‘शिप्पुदेन’ ही पुढची मालिका सुरू कर.

असं का होतं ते कळलं की राग कमी होतो. मंगा आठवड्याला साधारण वीस पानांनी पुढे सरकते. ॲनिमेही आठवड्याला एक भाग दाखवते, पण एका भागात एकापेक्षा जास्त प्रकरणं सहज संपतात. मग गाडी मंगाला जाऊन भिडते. मालिका बंद ठेवली तर वाहिनीवरची वेळ जाते, जाहिरातदार जातात. त्यामुळे काहीतरी दाखवत राहायचं. ‘नारुतो’ने पदरची कथानकं घातली. ‘वन पीस’ने दुसरी वाट धरली : एकेका प्रकरणाला ताण ताण ताणायचं. लोक धावतात, थांबतात, दचकतात, परत दचकतात. १९९९पासून जवळजवळ अखंड चाललेल्या त्या मालिकेने २०२६पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग करायचं ठरवलं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

हल्लीच्या बहुतेक मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, बारा-तेरा भाग दाखवतात आणि मंगा पुढे जाईपर्यंत गप्प बसतात. फिलर गेले. त्यांच्या जागी दोन-दोन वर्षांची वाट आली.

सगळे फिलर मात्र टाकाऊ नसतात. १०१वा भाग चुकवू नकोस. गुरू काकाशीच्या मुखवट्यामागे काय आहे हे बघायला तिघं पोरं त्याच्यामागे लागतात, एवढीच गोष्ट. मंगातल्या कित्येक गंभीर प्रकरणांपेक्षा तो मला जास्त लक्षात आहे.

प्रश्न : एकाच मालिकेत एका भागात चित्रं अप्रतिम आणि पुढच्या भागात चेहरे वाकडेतिकडे. पॉज करून बघितलं तर हसू येतं. पैसे संपतात का यांचे?

उत्तर : पैशांपेक्षा वेळ संपतो. आणि पॉज करून बघू नका, त्यासाठी ते काढलेलंच नसतं.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात, पण टीव्हीच्या ॲनिमेत तेवढी चित्रं क्वचितच काढतात. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. नुसतं बोलणं असेल तर चेहरा स्थिर आणि ओठ तेवढे हलते. १९६३मध्ये ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला दाखवायला घेतलं, तेव्हापासून ही काटकसर चालत आली. पुढे तिचीच शैली झाली. म्हणून एखादा माणूस नुसता वळून बघतो आणि आपल्या अंगावर काटा येतो : इतका वेळ हालचाल राखून ठेवलेली असते.

हालचालीतली मुख्य चित्रं एक जण काढतो, मधली दुसरे भरतात, आणि सगळ्यांच्या हातचे चेहरे सारखे दिसावेत म्हणून ॲनिमेशन दिग्दर्शक त्यावर दुरुस्त्या करतो. दर भागाला हा माणूस बदलू शकतो. प्रक्षेपणाची तारीख उंबरठ्यावर आली की त्याचा हात सगळ्या चित्रांवरून फिरत नाही. हे तुमचे वाकडे चेहरे. पुष्कळदा डिस्क निघते तेव्हा ते गुपचूप सरळ केलेले असतात.

पण दुसऱ्या जातीचेही वाकडे चेहरे असतात. ‘शिप्पुदेन’चा १६७वा भाग, पेन नावाच्या शत्रूशी लढाई. लोकांनी त्याच्या थांबवलेल्या चौकटींची किती टर उडवली! तोच भाग न थांबवता बघा. चेहरे रबरासारखे ताणले जातात, शरीराचे आकार सुटतात, आणि त्यामुळेच त्या धडकांना वजन येतं. तिथे कुणाचा हात चुकलेला नाही, तिथे हात मोकळा सोडलाय. तुम्हाला तो न आवडण्याचा हक्क आहे, पण त्याला आळस म्हणू नका.

प्रश्न : माझी आई साठीची आहे. तिला गोष्टींची आवड आहे, पण ॲनिमे म्हटलं की ‘ती कार्टून्स तूच बघ’ म्हणते. मारामारी, किंचाळणं नको. काय दाखवू?

उत्तर : सगळ्यांत आधी काय दाखवायचं नाही ते सांगते. ‘घिबली स्टुडिओचा सिनेमा आहे, छान असतो’ म्हणून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ लावू नका, युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांची ती गोष्ट काळीज चिरते. १९८८मध्ये जपानमध्ये तो आणि गोडगोजिरा ‘माय नेबर तोतोरो’ एकाच तिकिटावर लागले होते. त्या प्रेक्षकांचं काय झालं असेल याचा मी अजून विचार करते.

‘बाराकामोन’पासून सुरुवात करा, १२च भाग आहेत. एक तरुण सुलेखनकार आपल्या कामावर टीका करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना ठोसा लगावतो. (आईंना सांगा, मारामारी एवढीच.) शिक्षा म्हणून बाप त्याला गोतो बेटांवर पाठवतो. तिथली नारू नावाची चिमुरडी त्याच्या घरात अशी वावरते जणू घर तिचंच आहे. मुलांचे आवाज खऱ्या मुलांनी दिलेत आणि त्याने फार फरक पडतो.

आईंना ते रुचलं तर ‘मार्च कम्स इन लाईक अ लायन’. रेई हा सतरा वर्षांचा व्यावसायिक शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळाडू. कुटुंब अपघातात गेलेलं, एकटा राहतो. नदीपलीकडच्या तीन बहिणी त्याला हळूहळू आपल्या घरात ओढून घेतात. शोगी कळायची गरज नाही, मलाही कळत नाही. पहिले काही भाग उदास आहेत आणि मधेच मांजरांचा कलकलाट आहे, त्याला घाबरू नका. दुसऱ्या सीझनमध्ये मधल्या बहिणीच्या, हिनाताच्या शाळेत जे घडतं, ते बघताना तुमची आई तुम्हाला बोलू देणार नाही.

‘मुशिशी’ मात्र घाईने लावू नका. दर भागाला नवी गोष्ट, गिन्को नावाचा भटक्या, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव. पाऊस पडतोय आणि कुठेही जायचं नाही, अशा दिवशी एकच भाग. एका बैठकीत चार बघितले तर सगळे एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : डब की सबटायटल? आमच्या ग्रुपमध्ये यावरून बोलणं बंद झालंय.

उत्तर : वाचताना चित्र निसटत असेल तर डब, आवाज खोटा वाटत असेल तर सबटायटल. बोलणं सुरू करा. ‘बाराकामोन’ तेवढं जपानीतच बघा.

प्रश्न : ‘फ्रीरेन’चा पहिला भाग बघून रडले. जुना सोबती हिमेल, त्याला पुरताना फ्रीरेन म्हणते की मी याला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही, तिथे पाणी यायचं थांबेना. मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणाली, ‘यात होतं काय?’ मैत्रिणीचं काय करू आणि मी पुढे काय बघू?

उत्तर : मैत्रिणीला एक भाग दाखवलास, तिथे घोटाळा झाला. २०२३मध्ये जपानमध्ये या मालिकेचे पहिले चार भाग एका रात्री सलग दोन तास दाखवले होते. पहिल्या भागात राक्षसराजा आधीच हरलेला, प्रवास संपलेला, नायक हिमेल म्हातारा होऊन मेलेला. नव्या माणसाला वाटणारच की आता उरलं काय. फ्रीरेनची शिष्या फर्न मोठी होते, निळ्या फुलांचा शोध लागतो, उत्तरेला जायचं ठरतं, तेव्हा कुठे वाट दिसते. तिला चारही भाग एकत्र दाखव.

तू स्वतः मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेव. काळ पुढे सरकला की पडद्यावर ‘हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं’ अशी ओळ येते. हजार वर्षांहून जास्त जगलेल्या फ्रीरेनचं कॅलेंडर एका माणसाच्या मरणापासून सुरू होतं, आणि ती हे तोंडाने कधी बोलत नाही. मला अंत्यविधीपेक्षा त्या ओळीने जास्त छळलं.

पुढे ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ बघ. युद्धात वाढलेली मुलगी इतरांसाठी पत्रं लिहायला शिकते. सगळेच भाग सारखे उतरलेले नाहीत, काही जरा जास्तच गोड आहेत. दहाव्या भागाच्या रात्री दुसरा काही बेत ठेवू नकोस. त्यानंतर मन हलकं करायला ‘अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स’ : चार शाळकरी मुली अंटार्क्टिकाला निघतात, १३ भागांत गोष्ट पूर्ण. हलकं करायला म्हटलं खरं, पण रुमाल ठेव.

प्रश्न : ‘हारुही सुझुमिया’च्या २००९च्या भागांत एकच भाग परत परत लागतोय. तोच पोहण्याचा तलाव, तेच किडे पकडणं, तेच फटाके. ॲपमध्ये बिघाड आहे का?

उत्तर : ॲप ठणठणीत आहे. क्योतो ॲनिमेशनने हे मुद्दाम केलंय. १७ ते ३१ ऑगस्ट हे दिवस पुन्हा पुन्हा येत राहतात आणि एक सोडली तर कुणालाच आधीची फेरी आठवत नसते. एखाद्याने हे दोन भागांत सांगितलं असतं, यांनी आठ केले. जपानी प्रेक्षक आठ आठवडे दर आठवड्याला ‘आज तरी सुटका होईल’ म्हणून बसत होते. त्यांनी केलेला आरडाओरडा मला पूर्ण मान्य आहे.

तरीही फसवणूक म्हणणार नाही, कारण एकही भाग उचलून परत चिकटवलेला नाही. आठही वेळा चित्रं नव्याने काढली, संवाद नव्याने बोलले. कपडे बघा, कॅमेऱ्याची जागा बघा, काहीच जुळत नाही. एवढी मेहनत करून प्रेक्षकाला वैताग आणायचा, ही हिंमत मला विलक्षण वाटते.

वेळ नसेल तर पहिला, दुसरा आणि आठवा बघा, गोष्ट कळेल. पण २०१०चा ‘द डिसअपिअरन्स ऑफ हारुही सुझुमिया’ हा सिनेमा बघायचा विचार असेल तर आठही बघा. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणारी नागातो आहे ना, तिला प्रत्येक फेरी आठवते. शेवटच्या भागात फेऱ्यांचा आकडा १५,५३२ सांगतात. सिनेमात ती जे करते ते का करते, हे तीन भाग बघणाऱ्याला डोक्याने कळतं. आठ बघणाऱ्याला तिचा वैताग आधीच ठाऊक असतो.

अट एकच : वेग दीडपट करून बघायचं नाही.