हरझॉगचा आवाज ‘भारदस्त’ म्हणावा का?

वेर्नर हरझॉग या जर्मन दिग्दर्शकाच्या अनुबोधपटांची ओळख करून देणारे टिपण लिहिताना एका वाचकाने ‘हरझॉगच्या भारदस्त आवाजाची भुरळ’ असे शब्द योजले. टिपण तपासणाऱ्याने ‘भारदस्त’ या शब्दावर हरकत घेतली. त्याऐवजी ‘हेल काढून बोलणाऱ्या हरझॉगची भुरळ’ असे लिहावे, तर ती परदेशी माणसाच्या बोलण्याची टिंगल वाटेल, अशी शंका खुद्द लिहिणाऱ्यालाच आली. तेव्हा या आवाजाला मराठीत नेमके काय म्हणावे आणि ‘हेल’ या शब्दाला काही उणेपणा चिकटलेला आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

तपासणाऱ्याची हरकत मला रास्त वाटते. ‘हेल’ हा शब्द निर्दोष आहे, मात्र ‘हेल काढणे’ हा वाक्प्रचार इथे चालणार नाही. त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगावी लागतील, कारण बोलण्याच्या निरनिराळ्या अंगांसाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत आणि आपण घाईत त्या सगळ्यांच्या जागी ‘आवाज’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो.

‘भारदस्त’ हे विशेषण आपण वाड्याला लावतो, पोशाखाला लावतो, घरातल्या करत्या पुरुषाच्या व्यक्तिमत्त्वाला लावतो. त्यात वजन आहे, प्रतिष्ठा आहे आणि समोरच्याने किंचित सावरून बसावे असा वचकही आहे. आवाज भारदस्त म्हटला की तो खर्जातला, छातीतून निघणारा, खोलीभर घुमणारा असावा, अशी आपली अपेक्षा असते. चित्रपट दिग्दर्शकांपैकी सत्यजित राय यांच्या आवाजाला हे विशेषण तंतोतंत लागू पडते. रवींद्रनाथांवरील १९६१ सालच्या अनुबोधपटाचे आणि चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरील ‘द इनर आय’ (१९७२) या लघुपटाचे इंग्रजी निवेदन राय यांनी स्वतः केले आहे. तो आवाज ऐकणाऱ्याला ‘भारदस्त’ शब्दासाठी दुसरा दाखला शोधावा लागणार नाही. १९९२ साली कोलकात्याच्या रुग्णालयात अंथरुणावर असताना त्यांनी ऑस्कर स्वीकारल्याचे जे चित्रण झाले, त्यात शरीर पुरते थकलेले दिसते, पण बोलण्यातला तोल आणि गांभीर्य तसेच राहिलेले आहे.

हरझॉगबद्दल लिहिताना हाच शब्द लेखणीतून उतरावा, याचे कारण मला वाटते आपल्या कानांच्या सवयीत आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट मुंबईत तयार होऊन अनेक भारतीय भाषांमध्ये देशभर जात, आणि मुख्य चित्रपटाआधी ते दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे होते. त्यामुळे अनुबोधपटाचे निवेदन म्हणजे पडद्यामागून येणारा, धरण असो वा पूर असो, सारख्याच अधिकाराने बोलणारा एक घनगंभीर आवाज, हे समीकरण आपल्या मनात पिढ्यानपिढ्या पक्के झाले. त्या निवेदकाला नाव नसे आणि तो कधी ‘मी’ म्हणत नसे. हरझॉग सतत ‘मी’ म्हणतो. मला हे पटत नाही, माझ्या मनातून हे जात नाही, इथे माझे मत वेगळे आहे, अशा वाक्यांवर त्याचे निवेदन उभे असते, आणि सरकारी निवेदनाच्या तालमीत तयार झालेले ‘भारदस्त’ हे विशेषण त्याला म्हणूनच बसत नाही.

त्याचा आवाज मध्यम पट्टीतला, मऊ, काहीसा कोरडा आहे. तो घुमत नाही आणि सहसा चढत नाही. मराठीत आवाजाच्या जातीसाठी विशेषणांची मुळीच वाण नाही: शाहिराचा पहाडी आवाज, गवयाचा जवारीदार आवाज, शिवाय खणखणीत, किनरा, चिरका, घोगरा, बसका, कातर. यातले एकही विशेषण हरझॉगला लावता येत नाही. यावरून त्याच्या बोलण्याचे आकर्षण गळ्याच्या जातीत शोधण्यात अर्थ नाही, असे मी समजतो. शब्दांच्या उच्चारांकडे आणि वाक्याच्या चालीकडे वळले, की बरेच काही हाती लागते.

हरझॉगचा जन्म १९४२ साली म्युनिकला झाला, पण त्याचे बालपण ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या डोंगरांत, साख्रांग नावाच्या आडबाजूच्या खेड्यात गेले. आपण पहिला दूरध्वनी वयाच्या सतराव्या वर्षी केला, असे त्याने सांगितले आहे. त्याची घरची बोली बव्हेरियन; प्रमाण जर्मन पुढे शाळेत पक्की झाली, आणि इंग्रजी त्यानंतरची. त्याच्या इंग्रजीत जे ऐकू येते त्याला आपण सरसकट ‘जर्मन उच्चार’ म्हणतो, पण त्याच्या तळाशी ही डोंगरी बोली आहे. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेले घोष व्यंजन अघोष होते, म्हणजे ‘ग’चा ‘क’ आणि ‘द’चा ‘त’ होतो, आणि दक्षिणेकडच्या जर्मन बोलण्यात ‘झ’च्या जागी बहुधा स्वच्छ ‘स’ ऐकू येतो. या दोन्ही गोष्टींनी त्याच्या इंग्रजी शब्दांच्या कडा अधिक रेखीव आणि कठीण होतात. त्याच्या आडनावातच हा नियम दिसतो: आपण इंग्रजीच्या वळणाने ‘हरझॉग’ लिहितो, पण जर्मन उच्चार ‘हेर्त्सोक’च्या जवळ जातो आणि त्यातला ‘त्स’ हा आपल्या ‘चूल’मधल्या ‘च’चा सख्खा भाऊ आहे. (रूढ झालेले ‘हरझॉग’ मोडावे असे मी म्हणत नाही, मीही येथे तेच वापरतो आहे.)

शिवाय मूळ इंग्रजी भाषक जी अक्षरे गिळून टाकतात, त्यांपैकी बरीच हरझॉग पूर्ण उच्चारतो. मराठी बोलताना आपण अक्षरांना साधारण सारखा वेळ देतो, त्यामुळे आपल्या कानाला त्याचे इंग्रजी एरवीच्या इंग्रजी निवेदनापेक्षा सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

आता ‘हेल’. वाक्य बोलताना आवाजाचा जो चढउतार होतो आणि काही अक्षरे जी लांबतात, त्या चालीला हेल म्हणतात. मालवणी हेल, कोल्हापुरी हेल, वऱ्हाडी हेल असे आपण म्हणतो तेव्हा त्यात हिणवणे नसते. उलट बहुतेक वेळा आपलेपणा असतो. ‘काढणे’ हे क्रियापद जोडले की मात्र अर्थाला वळण मिळते. ‘हेल काढून बोलणे’ म्हणजे शब्द मुद्दाम लांबवत, रेंगाळत बोलणे. आल्फ्रेड हिचकॉकला हा वाक्प्रचार चपखल बसेल. १९५५ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या त्याच्या मालिकेत आरंभी तो प्रेक्षकांना ‘गुड ईऽऽव्हनिंग’ असे जे अभिवादन करी, त्यातला तो लांबवलेला स्वर म्हणजे जाणून-बुजून काढलेला हेल होता आणि लोकांना तोच आवडत असे. हरझॉग शब्द लांबवत नाही. तो शब्दांच्या मध्ये थांबतो, आणि वाक्य संपताना त्याचा आवाज खाली येऊन टेकतो. म्हणून ‘बव्हेरियन हेलाचे इंग्रजी’ असे खुशाल लिहावे, पण ‘हेल काढून बोलणारा’ असे लिहू नये. त्यात अवमानापेक्षाही चूक अधिक आहे. उच्चारांची ठेवण आणि हेल ही दोन्ही एका शब्दात सांगायची असतील तर ‘लहेजा’ हा शब्द आहे. तो उर्दूच्या वाटेने आला असला तरी मराठीत चांगला रुळला आहे. ‘लकब’ मात्र टाळावा, कारण लकब ही व्यक्तीची बारीकशी सवय असते आणि येथे प्रश्न संपूर्ण बोलण्याचा आहे.

एवढे करूनही आकर्षणाचे मर्म हाती येत नाही, कारण बव्हेरियन हेलाने इंग्रजी बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. येथे आपल्या संगीतचर्चेतला ‘लगाव’ हा शब्द मला फार उपयोगाचा वाटतो. दोन गायकांचे गळे एकाच जातीचे असले तरी स्वर लावण्याची दोघांची रीत वेगळी असते, आणि रसिक त्याला ‘आवाजाचा लगाव’ म्हणतात. बोलण्याच्या बाबतीत त्याला समांतर असलेला रोजच्या वापरातला शब्द म्हणजे ‘सूर’. तक्रारीचा सूर, समजुतीचा सूर, उपदेशाचा सूर असे आपण म्हणतो तेव्हा पट्टीबद्दल बोलत नसतो. बोलणारा आपल्या विषयाशी आणि ऐकणाऱ्याशी कसा वागतो आहे, हे सांगत असतो. हरझॉगची सगळी ताकद या सुरात आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

‘एन्काउंटर्स ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’ (२००७) या अंटार्क्टिकावरील अनुबोधपटातला एक प्रसंग पाहावा. पेंग्विनांच्या थव्यातला एक पेंग्विन ना समुद्राकडे जातो, ना वसाहतीकडे परततो. तो थबकतो आणि मग सुमारे ७० किलोमीटर दूर असलेल्या डोंगरांच्या दिशेने एकटाच चालू लागतो. हरझॉग सांगतो की त्याला धरून परत आणले तरी तो पुन्हा डोंगरांकडेच निघेल, असे तिथल्या शास्त्रज्ञाचे म्हणणे आहे. हे तो एखाद्या नोंदवहीतली नोंद वाचावी तसे सांगतो. आणि मग त्याच पट्टीत, जराही वेग न बदलता, दोनच शब्द येतात: पण का? एखाद्या सराईत निवेदकाने येथे आवाज कापरा केला असता किंवा तो प्रश्न कुजबुजत विचारला असता. हरझॉग तसे काही करत नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न पेंग्विनापुरता राहत नाही.

‘ग्रिझली मॅन’ (२००५) मध्ये हा सूर अधिक कसोटीला लागतो. अलास्कातील अस्वलांच्या सहवासात तेरा उन्हाळे काढून २००३ साली अस्वलाच्याच हल्ल्यात मेलेल्या टिमथी ट्रेडवेलने स्वतः केलेले चित्रण या अनुबोधपटाचा कणा आहे. ट्रेडवेलला अस्वलांच्या चेहऱ्यात मैत्री दिसत असे. त्याच चेहऱ्यांवर निवेदन करताना हरझॉग म्हणतो की मला येथे ना नाते दिसते, ना समज, ना दया. दिसते ती निसर्गाची अफाट बेपर्वाई. विश्वाच्या मुळाशी सुसंवाद नसून गोंधळ, वैर आणि हत्या आहे, असे त्याचे मत आहे, आणि तेही तो मृत माणसाशी असलेला मतभेद म्हणून, अदबीने मांडतो. त्या हल्ल्याच्या वेळचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. ते आपल्याला ऐकवले जात नाही. हरझॉग ते कानाला हेडफोन लावून, कॅमेऱ्याकडे पाठ करून ऐकतो, समोर ट्रेडवेलची जुनी मैत्रीण बसलेली असते, आणि थोड्या वेळाने तो तिला अगदी हळू सांगतो की हे तू कधीही ऐकू नकोस. निवेदनात इतकी कठोर विधाने करणाऱ्या आवाजाचा हा सूर ज्याने ऐकला, तो या माणसाच्या बोलण्याला ‘निर्विकार’ म्हणणार नाही. हे विशेषण त्याच्या बाबतीत पुष्कळदा सुचते, पण ते चुकीचे आहे. विकार तेथे भरपूर आहेत, ते आवाजाच्या पातळीवर येऊ दिलेले नाहीत, इतकेच. अभिनयाबद्दल आपण ‘संयत’ म्हणतो, तो शब्द येथे योग्य.

हरझॉगच्याच ‘फिट्झकराल्डो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणावर लेस ब्लँक यांनी केलेल्या ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ (१९८२) या अनुबोधपटात, पेरूच्या जंगलात उभा राहून तरुण हरझॉग बोलतो, तो भागही अवश्य ऐकावा. येथे पक्षी गात नाहीत, वेदनेने किंचाळतात, असे सांगत तो जंगलाला नाही नाही ते बोलतो, आणि शेवटी त्याच स्वरात सांगतो की माझे या जंगलावर अतिशय प्रेम आहे, पण ते माझ्या बुद्धीला न जुमानता. शिव्याशाप आणि प्रेमाची कबुली यांसाठी त्याच्याकडे दोन निराळे सूर नाहीत, ही गोष्ट मला त्याच्या आवाजाविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

या बोलण्याची नक्कल करणारे उदंड झाले आहेत, आणि ‘पेंग्विन्स ऑफ मादागास्कर’ (२०१४) या सचेतपटात हरझॉगने स्वतःच अनुबोधपटकाराच्या पात्राला आवाज दिला आहे. नकलाकारांना हेल साधतो, व्यंजने साधतात. सूर मात्र त्यांच्या हाती लागत नाही, कारण सांगण्याची निकड उसनी घेता येत नाही. रामीन बहरानी यांच्या ‘प्लॅस्टिक बॅग’ (२००९) या लघुपटात हरझॉग एका टाकून दिलेल्या पिशवीचे मनोगत बोलतो, आणि ते हास्यास्पद न होता ऐकवत राहते, ते या निकडीमुळेच.

राहिला ‘भुरळ’. भुरळ पडते तेव्हा माणसाचे भान सुटते. गोड गळ्याची, लाघवी बोलण्याची भुरळ पडते. हरझॉगचे निवेदन ऐकताना भान उलट जागे होते, त्याच्याशी मनात वाद घालावासा वाटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज थोडा रुक्षही वाटेल. त्याची गोडी लागते ती ऐकता ऐकता. त्यामुळे ‘भुरळ’ऐवजी ‘ओढ’ किंवा ‘गोडी’ यांपैकी एक शब्द घ्यावा, असे मी सुचवीन. आपले वाक्य मग साधारण असे होईल: ‘बव्हेरियन लहेजाच्या इंग्रजीत केलेल्या हरझॉगच्या निवेदनाचा संयत, ठाम सूर ऐकणाऱ्याला ओढ लावतो.’ जागा अपुरी असेल तर ‘हरझॉगच्या निवेदनाचा सूर’ एवढेही पुरेल. विशेषण गाळले तरी चालेल, फक्त ‘भारदस्त’ नको.